किती गिटारी पुरतात?

मराठीत 'पुरणे' या क्रियापदाचे दोन अर्थ शेजारीशेजारी नांदतात. 'मला पैसे पुरले' म्हणजे गरज भागली. 'मी पैसे पुरले' म्हणजे ते जमिनीत गाडले. विभक्ती तेवढी बदलते, क्रियापद तेच राहते. या दोन अर्थांचे मूळ एकच की निरनिराळे, हा व्युत्पत्तिकारांचा प्रांत आहे आणि त्यात आम्ही शिरत नाही. परंतु वस्तुसंग्रहाविषयी विचार करू लागले की हे दोन अर्थ परस्परांपासून अलग ठेवणे अवघड जाते. संग्रह पुरेसा केव्हा होतो, आणि तो पुरून ठेवलेल्या धनासारखा केव्हा होतो? प्रस्तुत लेखात हा प्रश्न आम्ही गिटारींच्या निमित्ताने विचारणार आहोत. पुस्तकांच्या निमित्ताने विचारला असता तर लेखक, वाचक आणि या पानावरचे इतर लिहिणारे असे आपण सारेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिलो असतो, आणि पिंजऱ्यातून कोणी निःपक्षपाती बोलत नाही. गिटारींबाबत आपल्याला थोडे अंतर राखता येते. पुस्तकांकडे आम्ही शेवटी येऊच.

निमित्त चऱ्होलीचे आहे. चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आली. इंद्रायणीच्या पलीकडची चऱ्होली खुर्द वेगळी. वाघेश्वराचे देऊळ आणि नदीकाठची शेते यांच्या भोवती आता उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांत चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणारी अभियंता मंडळी राहतात. अशाच एका इमारतीत आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. दोन खोल्या, एक दिवाणखाना आणि अकरा गिटारी. पाच भिंतीवर, तीन स्टँडवर, उरलेल्या तीन पलंगाखाली पेट्यांत. अकरावी आली तेव्हा वहिनींनी विचारले, "आता ही शेवटची ना?" ते म्हणाले, "शेवटचीच." दोघांच्याही आवाजावरून हा संवाद यापूर्वी झाला असावा, हे उघड होते. गिटारवाल्यांत एक गंमतीचे सूत्र प्रचलित आहे. माणसाजवळ गिटारी किती असाव्यात, तर सध्या आहेत त्यांत एक मिळवून जी संख्या येईल तेवढ्या. हे सूत्र विनोदी आहे, पण त्यातला तर्क विनोदी नाही. त्यात 'सध्या' कधीच पुरेसे नसते, आणि बाजाराला हवे असते ते नेमके हेच.

आपल्याकडे अशा वेळी 'हौसेला मोल नाही' हे वाक्य पुढे केले जाते. हे वाक्य चर्चा सुरू करण्यासाठी कोणी वापरत नाही, बंद करण्यासाठी वापरतात. आम्हांला ती सुरू ठेवायची आहे.

प्रथम गरजेचा युक्तिवाद तपासू, कारण संग्राहक आपली बाजू नेहमी तिथूनच मांडतो. एकाहून अधिक वाद्ये लागतात हे खरेच आहे. बासरीवादकाला निरनिराळ्या स्वरांच्या बासऱ्यांचा संचच बाळगावा लागतो. एका बासरीचा षड्ज ठरलेला असतो, तो ओढूनताणून हलवता येत नाही. तबलावादकाचेही तसेच. गवयाच्या घरी तंबोऱ्यांची जोडी असते, आणि घरात गाणारे स्त्री-पुरुष दोन्ही असतील तर दोन जोड्या. मिरजेचे कारागीर तंबोरा करतात तो गळ्याच्या पट्टीचा विचार करून; २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते या पिढीजात जाणतेपणाला मिळाले असे आम्ही मानतो. या वाद्यांच्या संख्येला गरजेने घातलेली सीमा आहे. दोन तंबोऱ्यांच्या मध्ये बसून गाणाऱ्याला पाचवा तंबोरा कशासाठी हवा, हे सांगता येणार नाही.

गिटारीचे काय? नायलॉनच्या तारांची निराळी, पोलादी तारांची निराळी, विजेवर चालणारी निराळी, बेस निराळी, बारा तारांची निराळी, आणि मांडीवर आडवी ठेवून पट्टीने वाजवायची हवाई गिटार निराळी. इथवर सहा झाल्या. एकच मनुष्य या सहाही प्रकारांत गती मिळवतो असे क्वचितच घडते, पण वादासाठी ते मान्य करू. पट्टी बदलायला गिटारीला दुसरी गिटार लागत नाही, दांडीवर चाप लावला की काम होते. म्हणजे गरजेचा युक्तिवाद फार तर सहापर्यंत पोहोचतो. सातवीपासून पुढे भाषा बदलते. 'हिचा आवाज वेगळा आहे', 'हिची दांडी हाताला बसते', 'हा रंग आता निघत नाही.' यांतले पहिले दोन दावे खोटे नाहीत. लाकडाचे दोन तुकडे सारखे नसतात आणि सराईत बोटांना फरक कळतो. तिसऱ्या दाव्याविषयी मात्र न बोललेले बरे.

गरज खरी असेल तर ती वाद्य बदलते, असेही दिसते. ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाई गिटारीवर रागसंगीत वाजवून ती मैफलीत आणली; शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ ची. पुढे विश्वमोहन भट्ट यांना गिटारीची मींड हवी होती आणि तरफांची आसही हवी होती. त्यांनी गिटारींची संख्या न वाढवता एकाच गिटारीवरच्या तारांची संख्या वाढवली, ती एकोणीस-वीसपर्यंत नेली, आणि तिला मोहनवीणा हे नाव दिले. तिच्या वादनाला १९९४ साली ग्रॅमी मिळाले. याच्या उलट टोकाला अमेरिकन गायक विली नेल्सन. त्याने १९६९ पासून एकच मार्टिन गिटार वाजवली. वाजवून वाजवून तिच्या पोटाला मूळच्या भोकाशेजारी दुसरे भोक पडले, तरी ती त्याने सोडली नाही.

या दोघांपेक्षाही आमच्या प्रश्नाला जवळचे उदाहरण एरिक क्लॅप्टनचे वाटते. १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानात त्याला जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी स्वस्तात मिळाल्या. त्याने सहा घेतल्या. तीन मित्रांना देऊन टाकल्या; ते मित्र जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड होते, ही गोष्ट अलाहिदा. उरलेल्या तिन्ही खोलून, त्यांचे उत्तम भाग निवडून त्याने एकच गिटार जुळवली आणि ती पुढे कित्येक वर्षे वाजवली. हिशेब केला तर सहा गिटारींच्या चार झाल्या, चारही वेगवेगळ्या हातांत गेल्या आणि एकही पेटीत पडली नाही. संग्रह वाढल्याच्या कथा पुष्कळ ऐकू येतात. तो असा आटवून वाद्य घडवल्याची कथा क्वचित. (पुढे २००४ च्या लिलावात हीच गिटार साडेनऊ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली.)

आता पलंगाखालच्या तीन पेट्यांकडे वळू. लाकडी गिटारीला निम्म्याच्या आसपास, साधारण ४५ ते ५५ टक्के, हवेतली आर्द्रता मानवते असे बनवणारे सांगतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती सहज ऐंशीच्या वर जाते आणि एप्रिलच्या दुपारी विशी-तिशीत उतरते. पावसाळ्यात लाकूड फुगते, पोट वर येते, तारा दांडीपासून उंच जातात आणि बोटे दुखू लागतात. पेटीच्या मखमलीला बुरशी धरते, तारांवर गंज चढतो. उन्हाळ्यात तेच लाकूड आक्रसते आणि दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोके बाहेर डोकावून हाताला टोचतात. यावर उपाय आहेत: पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवणे, त्या वेळच्या वेळी बदलणे, तारा पुसणे, वर्षातून दोनदा दांडीचा बाक तपासणे. एका गिटारीला सहा तारा, अकरांना सहासष्ट, आणि त्यांत एक बारा तारांची असेल तर बहात्तर. त्या सगळ्या एका रविवारी सुरात लावायला बसले तर वाजवायला रविवार उरत नाही.

आमच्या मते गणित इथे सुटते. वाद्यसंग्रहाची मर्यादा पैशाने ठरत नाही, हप्त्यांची सोय झाल्यापासून तर मुळीच नाही. जागेनेही ती ठरत नाही. पलंगाखाली जागा असते, माहेरी जागा असते. जितकी वाद्ये धनी स्वतः सुरात ठेवू शकतो, तितकी त्याची. त्यापुढची कागदोपत्री त्याची असतील, पण त्यांचा खरा धनी बुरशी. बेसूर होऊन पडलेली गिटार ही वाद्य या नावाला पात्र राहत नाही. ती चांगल्या लाकडाची एक पेटी होते. चांगल्या लाकडाची म्हणण्याला कारण आहे. मार्टिन कंपनीने १९६९ पासून ब्राझीलच्या शिसवीऐवजी भारतीय शिसवी वापरायला घेतली, आणि आज जगातल्या असंख्य गिटारींच्या पाठी आपल्याच शिसवीच्या आहेत. त्या झाडांवर इतका ताण आला की २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ मध्ये. झाड तोडून केलेले वाद्य वाजले नाही तर ते झाड उगाच तोडले, एवढे म्हणण्यासाठी पर्यावरणवादी असावे लागत नाही.

परंतु आमची ही कसोटी इथेच थांबवली तर ती एका मोठ्या माणसावर अन्याय करील. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव आज पदवीच्या अभ्यासक्रमात सापडणार नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हा त्यांचा आणि कमलाबाईंचा संसार. लहान वयात गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी त्याला दिले. संग्रह वीस हजार वस्तूंच्या घरात गेला आणि त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपासच एका वेळी मांडता येतात. त्यात वाद्यांचेही दालन आहे. तंतुवाद्ये, चर्मवाद्ये, सुषिर वाद्ये, सारी काचेआड आणि सारी मुकी. केळकरांनी ती सुरात ठेवली नाहीत आणि ठेवूही शकले नसते. मग हा संग्रह केव्हाच 'पुरे' झाला होता असे म्हणायचे का?

आम्ही तसे म्हणणार नाही, आणि त्याचे कारण अडकित्त्यांत आहे. केळकर संग्रहालयातील अडकित्ते, दिवे, वज्री, शेवयांचे साचे, दौती ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे लगेच पटेल. एक अडकित्ता सुपारी कातरतो. शंभर अडकित्ते शेजारी ठेवले की ते सुपारी कातरणे सोडून देतात आणि बोलू लागतात: कोणी स्त्रीरूपात, कोणी पक्ष्याच्या आकारात, कोणी साधा लोखंडी. घडवणाऱ्या लोहाराची लहर, घेणाऱ्याची ऐपत, पाहुण्यापुढे तबक सरकवतानाचा रुबाब हे सारे त्या शंभरांत वाचता येते, एकात येत नाही. म्हणजे इथे नवा नग जुन्या नगांत भर घालतो तो अर्थाची. प्रत्येक नव्या अडकित्त्याने आधीचे नव्याण्णव थोडे वेगळे दिसू लागतात. असे होत राहील तोवर संग्रह पुरा झालेला नसतो, आणि केळकरांच्या बाबतीत तो आयुष्यभर पुरा झाला नाही. तरीही हे सारे त्यांनी स्वतःच्या वाड्यात कोंडले नाही. संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, तिकीट काढून कोणीही आत जावे अशी व्यवस्था केली. मस्तानीचा कोथरूडचा महाल हलवून आणून उभारणारा मनुष्य हौशी खराच, पण त्याच्या हौसेला दरवाजा होता, आणि तो रस्त्याकडे उघडत होता.

तेव्हा संग्रहाचा हक्क दोन प्रकारे सिद्ध होतो असे आम्हांला वाटते: वाजवून, किंवा दाखवून. चऱ्होलीच्या त्या अकरा गिटारींना यांतला कोणता लागू पडतो? त्या गृहस्थांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितले की ते तीन वाजवतात. उरलेल्या आठांतल्या चार एकाच कारखान्यातल्या, एकाच नमुन्याच्या, रंग तेवढे निराळे. त्या चार शेजारी ठेवल्या तर अडकित्त्यांसारख्या बोलत नाहीत. त्या कारखान्याच्या रंगविभागाविषयी काय ती माहिती देतात.

अलीकडे मोठ्या वादकांनी आपले संग्रह विकण्याची एक लाट आलेली आहे, आणि तिच्याकडे पाहून काही मंडळी भारावून जातात. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरने २०१९ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, सव्वाशे गिटारी न्यूयॉर्कच्या लिलावात काढल्या. सुमारे २ कोटी १५ लाख डॉलर आले आणि ते त्याने हवामानबदलाविरुद्ध न्यायालयीन लढे देणाऱ्या संस्थेला दिले. मार्क नॉफ्लरने जानेवारी २०२४ मध्ये लंडनला तेवढ्याच गिटारी विकल्या, सुमारे ८८ लाख पौंडांना. दातृत्वाविषयी आदर बाळगूनही आम्हांला शंका आहे. गिल्मरची प्रसिद्ध काळी गिटार एकटीच जवळजवळ ४० लाख डॉलरांना गेली. इतक्या किमतीची वस्तू वादकाच्या हाती जात नाही, दुसऱ्या संग्राहकाच्या हाती जाते. ती घेणाऱ्या जिम इरसे यांनी आपल्या संग्रहातल्या गिटारी चांगल्या वादकांच्या हाती देऊन जाहीर कार्यक्रमांत वाजवून घेतल्या हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. सगळेच खरेदीदार इतके उदार नसतात. किंमत एका मर्यादेपलीकडे गेली की वाद्याला हात लावणेच तोट्याचे होते, आणि मग विक्री म्हणजे एका तळघरातून दुसऱ्या तळघरात केलेले स्थलांतर ठरते.

इथे कोणीतरी तुकोबांचे नाव घेणार याची आम्हांला खात्री आहे. इंद्रायणी देहूहून आळंदीला आणि आळंदीहून चऱ्होलीला येते, आणि याच नदीत तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते बुडवली अशी परंपरा सांगते. पण त्या कथेचा उपयोग 'वस्तू बाळगूच नयेत' असा उपदेश करण्यासाठी करणे हा आळस आहे. तुकोबांनी बुडवली ती येणे असलेली कर्जे. टाळ आणि वीणा बुडवल्याचे कोणी सांगत नाही. अपरिग्रहाची भाषा आपल्याकडे बहुधा ज्यांच्याजवळ पुष्कळ आहे तेच, ज्यांच्याजवळ थोडे आहे त्यांना ऐकवतात. आम्ही तिच्या वाटेला जाऊ इच्छित नाही.

वीणेचा उल्लेख आलाच आहे तर चऱ्होली-आळंदीच्या परिसरात गावोगाव होणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहाकडे मात्र पाहावे, आणि तेही भक्तीच्या अंगाने नव्हे, निव्वळ वाद्यव्यवस्था म्हणून. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा उभी असते. ती जमिनीवर टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की तो ती दुसऱ्याच्या गळ्यात देतो. देणारा आणि घेणारा एकमेकांना नमस्कार करतात. पहाटे तीनचा पहारा कोणाचा यावरून थोडी कुरबुरही होते. टाळ पुष्कळ असतात, वीणा एक. अख्ख्या गावाला सात दिवस एक वाद्य पुरते, आणि ते क्षणभरही मुके होत नाही. तिथे वाजवणारे पुरतील ना, एवढीच काळजी असते. आळंदीला पखवाज शिकायला येणारी कितीतरी मुले पहिली बोटे दुसऱ्याच्या पखवाजावरच फिरवतात. आपल्या इमारतींतल्या किती पेट्यांत पडलेली वाद्ये अशा हातांना देता येतील, याचा अंदाज आम्हांला बांधता येत नाही.

आता पुस्तके. आधी कबूल केल्याप्रमाणे हा भाग आम्हांला टाळता येणार नाही. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, ती अनेकांनी परीक्षेपुरती पाठ केली असतील. त्यांत ग्रंथाच्या उपयोगाचे सूत्र पहिले आहे आणि ग्रंथालयाच्या वाढीचे शेवटचे, हा क्रम आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. आपल्या घरांतून नेमका उलटा क्रम चालतो. आधी वाढ होते आणि उपयोग निवृत्तीनंतरच्या काळावर ढकलला जातो. प्राध्यापकाच्या घरची कपाटे पाहुण्याला दिसतील अशी मांडलेली असतात. ती दाखवण्यापुरती असतात, 'दाखवून' या शब्दाच्या केळकरी अर्थाने नव्हे. छायाप्रतींची बाडे वेगळी, आणि आता न उघडलेल्या फाइलींनी भरलेल्या डिस्का वेगळ्या. डिस्कांना जागा लागत नाही म्हणून तिथे 'पुरे' हा शब्दच उद्भवत नाही.

आणि मग एक दिवस घरधनी जातो. महिन्याभराने घरचे लोक ग्रंथालयांना दूरध्वनी करतात. जागा नाही, यादी पाठवा, यादी पाहून कळवू, असे सांगण्यात येते. ग्रंथालयांचाही त्यात दोष नाही, त्यांच्याकडे अशा चार याद्या आधीच पडलेल्या असतात. यादी करणार कोण? ज्याला पुस्तके ठाऊक होती तो गेलेला असतो. मुले परगावी, घर विकायचे ठरलेले. शेवटी किलोच्या भावाने जातात. अशा गठ्ठ्यांतून पुण्याच्या पदपथावर आलेली, मालकाची सही आणि समासातल्या बारीक टिपा असलेली पुस्तके आम्ही विकत घेतलेली आहेत, आणि ती घेताना आनंद झाला असे म्हणवत नाही.

गिटारीला लावलेली कसोटी इथे लावली तर? वाचून, किंवा इतरांना खुली करून. हजार पुस्तकांचा मालक ती सारी 'सुरात' ठेवू शकतो का. म्हणजे कोणते पुस्तक कोठे आहे, ते आपण कशासाठी घेतले आणि त्याची आता कोणाला गरज आहे, हे त्याला सांगता येते का? येत असेल तर हजार हा आकडा मुळीच मोठा नाही, पाच हजारही नाही. येत नसेल तर तीनशेही पुष्कळ झाले. आमच्या माहितीतल्या एका निवृत्त प्राध्यापिका गेली काही वर्षे हे काम नेमाने करीत आहेत. रोज एक कप्पा काढायचा, पुसायचा आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर ते पुढे कोणाकडे जावे त्याचे नाव पेन्सिलीने लिहायचे. विद्यार्थी, एका शाळेचे वाचनालय, शेजारची मुलगी. काही पुस्तके त्या वाट न पाहता देऊनच टाकतात. पेन्सिलच का, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, की माणसेही वाचन सोडतात, मग नाव खोडावे लागते. सहा कपाटांपैकी चार झाली आहेत. शब्दकोशांचा कप्पा त्यांनी शेवटी ठेवला आहे, कारण ते अजून त्यांनाच रोज लागतात.